शंभर वर्षं न दिसलेली वनस्पती सापडली असं वाटलं तर: पुनर्शोध कसा सिद्ध करायचा आणि नावं का बदलतात

प्रश्न असा आहे: सह्याद्रीत एका कड्यावर एक वनस्पती दिसली. वर्णन जुन्या फ्लोरातल्या (एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या वर्णनग्रंथातल्या) एका जातीशी जुळतं, पण अलीकडच्या कुठल्याच यादीत ती नाही. ती 'पुन्हा सापडली' असं केव्हा म्हणता येईल? आणि अशा दुर्मीळ वनस्पतींची शास्त्रीय नावं सारखी का बदलतात?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. 'नामशेष झाली' असं मानलेल्या पुष्कळ वनस्पती कुठेच गेलेल्या नसतात. योग्य जागी, योग्य पंधरवड्यात कुणी गेलेलं नसतं, एवढंच. त्यामुळे पुनर्शोधाचं निम्मं काम घरी बसूनच होतं. जुनी लेबलं वाचायची, ठिकाणं ओळखायची आणि फुलोऱ्याचा काळ ठरवायचा.

हंगामापासून सुरुवात करू. सडे म्हणजे डोंगरावरचे सपाट कातळ आणि कडे यांवरच्या कंदवर्गीय वनस्पती वर्षातले आठ-नऊ महिने जमिनीखाली असतात. दीपकाडी पहिल्या पावसानंतर लगेच फुलते आणि काही आठवड्यांत संपते. कंदीलपुष्पांच्या म्हणजे सेरोपेजियाच्या बऱ्याच जाती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलतात. गेंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरात असतो. सोनघंटा मात्र पाऊस संपून थंडी पडल्यावर फुलते, त्यामुळे पावसाळ्यातल्या सर्वेक्षणात ती हातून निसटते. कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते आणि तिच्या भाईबंदांपैकी काहींचं चक्र याहूनही लांब असतं. 'तीन वर्षं शोधलं, सापडली नाही' या वाक्याला त्यामुळे फारसं वजन नाही. कुठल्या तारखेला, किती जणांनी, किती तास, कुठल्या उंचीवर शोधलं हे लिहिलेलं असेल तरच न सापडण्याची नोंद पुरावा ठरते. ही नोंद नेहमी ठेवा. पुढे लाल यादीसाठी, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीसाठी, ती लागतेच.

जुन्या लेबलांचं वाचन हा स्वतंत्र अभ्यास आहे. डॅलझेल, लॉ, स्टॉक्स, गिब्सन या मंडळींनी एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात नमुने गोळा केले. त्यातले बरेच इंग्लंडमधल्या क्यू गार्डन्सच्या हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, गेले. स्टॉक्स आणि लॉ यांच्या संग्रहातल्या कितीतरी शीटवर (नमुना चिकटवलेल्या कागदांवर) 'मलबार, कोकण इत्यादी' असं छापील लेबल आहे. ते नमुने इंग्लंडला पोचल्यावर एकगठ्ठा लावलेलं आहे, त्यावरून नेमकं ठिकाण ठरवता येत नाही. अशा शीटवर विसंबून 'ही जाती मलबारमध्येही होती' असं लिहिणारे लेख आजही निघतात. ज्या शीटवर ठिकाण दिलंय तिथे त्या काळचं स्पेलिंग आणि त्या काळचा रस्ता डोळ्यांपुढे आणावा लागतो. रामघाट म्हणजे वेंगुर्ल्याहून बेळगावला जाणारी जुनी वाट. 'लॅनोली' म्हणजे लोणावळा. जुने टोपोशीट आणि गॅझेटियर शेजारी ठेवून लेबल वाचलं की शोधायचा पट्टा बराच आवळता येतो. कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात आला. त्यातल्या प्रत्येक दुर्मीळ जातीखालचं ठिकाण मूळ लेबलाशी पडताळून घ्या.

अधिवास नीट समजला तर काय होतं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण हुबार्डिया हेप्टान्यूरॉन या गवताचं. १९१९ मध्ये सेजविक आणि बेल यांनी गिरसप्पाच्या म्हणजे जोगच्या धबधब्यापाशी, तुषारांनी कायम ओल्या असलेल्या खडकावरून हे नाजूक, पातळ पानांचं गवत गोळा केलं. त्यानंतर तीसेक वर्षांनी गवतांचे अभ्यासक बोर यांनी त्याचं वर्णन केलं आणि त्यासाठी नवा वंशच (जवळच्या जातींचा गट) उभा केला. पुढे १९६४ मध्ये शरावतीवर लिंगनमक्की धरण झालं, धबधब्याचं पाणी आणि तुषार यांचं गणित बदललं आणि हे गवत मूळ जागी दिसेनासं झालं. ते नामशेष मानलं गेलं. शिवाजी विद्यापीठातले डॉ. श्री. रं. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते तिलारी घाटात सापडलं, तशाच ओल्या, सावलीतल्या खडकावर. जोगला पुन:पुन्हा शोधून ते मिळालं नसतं. उभा खडक, सततचे तुषार आणि सावली या तीन अटी जिथे एकत्र येतात तिथे शोधणं हाच मार्ग होता. पुढे २०१२ मध्ये सह्याद्रीतूनच या वंशाची दुसरी जाती, हुबार्डिया डायअँड्रा, प्रसिद्ध झाली. एकाच जातीचा मानलेला वंश दोन जातींचा झाला आणि वंशाची व्याख्या पुन्हा लिहावी लागली. पुनर्शोध आणि पुनर्वर्गीकरण कसे एकमेकांत गुंतलेले असतात, ते इथे दिसतं. जुनी जाती ताजी, जिवंत हाती आली की तिच्याजवळची वेगळी जाती ओळखू येते.

आता तुमच्या कड्यावरच्या झाडाकडे येऊ.

पहिल्या भेटीत काहीही उपटू नका. फोटो काढा, आणि ते ओळखीला उपयोगी पडतील असे काढा. अख्खं झाड आसपासच्या खडकासह, पानाच्या दोन्ही बाजू, देठ आणि खोड जिथे जुळतात ती जागा, फूल समोरून, बाजूने आणि मागून, फळ असल्यास फळ, आणि प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी. रंग लिहून ठेवा, कारण वाळल्यावर तो राहत नाही. वास, चिकाचा रंग, फूल किती वाजता उमलतं हेही लिहा. मग दिसणारी झाडं मोजा: फुललेली किती, न फुललेली पूर्ण वाढलेली किती, रोपं किती. पसरणाऱ्या वनस्पतीत दहा फांद्या म्हणजे दहा झाडं असं धरू नका, सगळ्या एकाच झाडाच्या असू शकतात.

नमुना घ्यायचाच असेल तर आधी वनखात्याची लेखी परवानगी हवी. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर त्याशिवाय पाऊलही उचलू नये. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही कल्पना द्या. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याखालचे राष्ट्रीय प्राधिकरणाचे नियम आधी वाचा. किती घ्यायचं याचा जुना दंडक वीस झाडांमागे एक असा आहे. वीसपेक्षा कमी झाडं असतील तर अख्खं झाड घेऊच नका, फुलासह एक फांदी पुरे. कंद काढायचा मोह टाळा. कंदीलपुष्पांच्या बहुतेक जाती फुलावरून ओळखता येतात, कंद उकरला की ते झाड मात्र गेलंच.

एका फांदीचे तीन वाटे करायचे. पहिला हर्बेरियमसाठी दाबायचा. पावसाळ्यात वर्तमानपत्राची घडी रोज बदलली नाही तर तिसऱ्या दिवशी बुरशी येते आणि पानं गळतात. मांसल खोड आधी उभं चिरून किंवा क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून मगच दाबावं, नाहीतर ते दाबलेल्या अवस्थेतही आठवडेच्या आठवडे जिवंत राहतं. दुसरा वाटा फुलांचा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये. कंदीलपुष्पासारख्या फुलात ओळख पटवणारा भाग आत दडलेला असतो: पाकळ्यांच्या नळीच्या तळाशी असलेला कोरोना म्हणजे मुकुटासारखं वलय, त्याची बाहेरची आणि आतली पाळी, आणि परागपुंज. दाबलेल्या फुलात हे सगळं चपटं होतं. अल्कोहोलमधलं फूल उभं कापून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहिलं की बाहेरच्या पाळीला खाच आहे की नाही, आतली पाळी सरळ आहे की टोकाला वळलेली, हे स्वच्छ दिसतं. दोन जवळच्या जातींमधला फरक कित्येकदा एवढाच असतो. तिसरा वाटा डीएनएसाठी: कोवळ्या पानाचे तुकडे सिलिका जेलमध्ये, पानाच्या दहापट वजनाचं जेल घेऊन, म्हणजे साधारण दिवसभरात ते कडकडीत वाळतात. जेलचा रंग बदलला की लगेच नवं जेल घाला. फॉर्मलिन लागलेला तुकडा डीएनएसाठी निरुपयोगी होतो, त्यामुळे जवळ फॉर्मलिन असेल तर त्याची आणि सिलिका जेलची बाटली एकत्र ठेवू नका.

यानंतर खरी परीक्षा सुरू होते. तुमचं झाड फ्लोरातल्या वर्णनाशी जुळतं एवढ्याने काम भागत नाही. फ्लोरा लिहिणाऱ्याने स्वतः मूळ नमुना पाहिलाच असेल असं नाही. तुलना करायची ती टाइप नमुन्याशी. ज्या शीटवर ते नाव कायमचं टांगलेलं असतं, ती शीट. आज बऱ्याच टाइप शीटची उच्च दर्जाची छायाचित्रं इंटरनेटवर मिळतात, मूळ वर्णनाचे लेखही जुन्या नियतकालिकांच्या डिजिटल ग्रंथालयांतून मिळतात. मूळ वर्णन लॅटिनमध्ये असेल तरी वाचा, त्यातली मापं अनुवादात गळालेली असतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम आणि आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लाटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संग्रह, ही चार ठिकाणं पश्चिम महाराष्ट्रातल्या कामाला टाळताच येत नाहीत. तिथल्या 'अनोळखी' गठ्ठ्यांत हरवलेल्या जाती पडून असतात. दुसऱ्याच जातीच्या नावाखाली लावलेल्या शीट तर त्याहून जास्त असतात.

मूळ लेखकाने टाइप नेमला नसेल तर काय? १९५८ पूर्वी टाइप नेमणं सक्तीचं नव्हतं, त्यामुळे हा प्रसंग जुन्या नावांत वारंवार येतो. मग त्याने पाहिलेल्या नमुन्यांपैकी एक निवडून लेक्टोटाइप ठरवावा लागतो आणि तो 'इथे नेमला' अशा शब्दांत प्रसिद्ध करावा लागतो, २००१ पासून हे शब्द आवश्यक आहेत. आधी कुणी नेमून ठेवलाय का हे तपासा, पहिल्याचाच टिकतो. या पायरीवर घाई झाली की पुढचं सगळं वर्गीकरण वाकडं जातं. लेबलावरच्या हस्ताक्षराची ओळख आणि गोळा केल्याची तारीख हे दोन्ही पाहिल्याशिवाय शीट निवडू नका. वर्णन प्रसिद्ध झाल्यानंतर गोळा केलेला नमुना मूळ साहित्यात, म्हणजे ज्या नमुन्यांवरून वर्णन केलं त्यांत, बसत नाही.

नावं का बदलतात याचं उत्तर शिंदळ माकुडीच्या इतिहासात जवळपास सगळं सापडतं. डॅलझेलने १८६५ मध्ये या वनस्पतीचं फ्रेरिया इंडिका असं नाव प्रसिद्ध केलं. वंशाचं नाव मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. जुन्नर-शिवनेरीच्या परिसरातली ही मांसल खोडाची, चिकाची वनस्पती. किरमिजी रंगाचं पाच टोकांचं चांदणीसारखं फूल, त्यावर पिवळे ठिपके. नातलग माकडशिंगांच्या म्हणजे कॅरालुमाच्या मांसल, बिनपानांच्या गटातले, पण हिला पावसाळ्यात ठसठशीत पानं येतात आणि कोरड्या दिवसांत गळतात. पानांमुळेच ती एकट्या जातीचा स्वतंत्र वंश ठरली. १९५८ मध्ये गॉर्डन राउली यांनी फुलाच्या रचनेवरून तिला कॅरालुमा वंशात नेलं. नियमाप्रमाणे 'इंडिका' हा शब्द सोबत न्यायला हवा होता, पण कॅरालुमा इंडिका या नावाची दुसरी वनस्पती तिथे आधीच होती. म्हणून कॅरालुमा फ्रेरी असं नवं नाव द्यावं लागलं. नंतर मेवे आणि लीडे यांनी तिला बूसेरोशिया वंशात ठेवलं. २०१७ मध्ये ब्रुइन्स आणि सहकाऱ्यांनी हा सगळा मांसल गटच सेरोपेजियात विलीन करायचा प्रस्ताव मांडला.

हा शेवटचा बदल अनेकांना पटत नाही, पण त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षात माकडशिंगांचा गट सेरोपेजियाच्या बाहेर नसून आतच एका फांदीवर येतो. ब्रॅकिस्टेल्मा या जवळच्या वंशाच्या जातीही तिथेच मिसळलेल्या आहेत. एका पूर्वजाची सगळी संतती एका वंशात असावी ही अट पाळायची तर दोनच वाटा उरतात. एक, सगळ्यांना सेरोपेजिया म्हणा, म्हणजे सातशेहून अधिक जातींचा प्रचंड वंश होतो. दुसरी, सेरोपेजियाचे बारीक तुकडे करा आणि प्रत्येकाला नाव द्या. पुरावा दोन्ही वाटांना चालतो, निवड सोयीची आहे. माझं मत विचाराल तर संवर्धनाच्या कागदपत्रांत एक नाव ठरवून तेच वापरावं आणि बाकीची समानार्थी म्हणून सोबत द्यावीत. कारण वनखात्याच्या यादीत फ्रेरिया, लेखात बूसेरोशिया आणि रोपवाटिकेच्या पाटीवर कॅरालुमा असं झालं की एकाच झाडाची नोंद तीन ठिकाणी तुटते.

तुम्हाला स्वतःला जाती एका वंशातून दुसऱ्यात न्यायची असेल तर नव्या संयोगासोबत (नवा वंश आणि जुना जातिवाचक शब्द यांच्या जोडीसोबत) मूळ नावाचा पूर्ण आणि थेट संदर्भ द्यावा लागतो: लेखक, नियतकालिक, खंड, पान, वर्ष. १९५३ पासून ही अट आहे. पान क्रमांक चुकला तर ती दुरुस्त करता येण्याजोगी चूक असते, मूळ नावाचा उल्लेखच राहिला तर नाव वैध ठरत नाही. वंशाच्या नावाचं व्याकरणातलं लिंग बदललं तर जातीच्या विशेषणाचा शेवटही बदलतो. नवी जाती म्हणून मांडत असाल तर वर्णन किंवा जवळच्या जातींहून वेगळेपण सांगणारा मजकूर लॅटिन किंवा इंग्रजीत हवा (२०१२ पासून इंग्रजी चालतं), आणि टाइप कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलाय हे लिहायलाच हवं.

डीएनएबद्दल एक इशारा. एका झाडाचा एक तुकडा आणि एक मार्कर (तुलनेसाठी निवडलेला डीएनएचा भाग) यावरून नवी जाती जाहीर करू नका. हरितलवकातले मार्कर बहुतेकदा आईकडून येतात, केंद्रकातला आयटीएस हा मार्कर दोघांकडून. दोन्हींचे वंशवृक्ष वेगळे दिसले तर संकराची शक्यता आधी तपासावी. किमान दोन-तीन ठिकाणचे नमुने आणि शेजारच्या सगळ्या जाती घेतल्या नाहीत तर निकाल दिशाभूल करतो.

'पुन्हा सापडली' हे सिद्ध झालं की धोक्याची श्रेणी ठरवायचा प्रश्न येतो, आणि तिथे एक चूक फार होते. लोक कड्याचं क्षेत्रफळ मोजतात, ०.२ हेक्टर वगैरे, आणि थेट अतिसंकटग्रस्त लिहून मोकळे होतात. लाल यादी काढणाऱ्या आययूसीएनच्या पद्धतीत व्यापलेलं क्षेत्र दोन गुणिले दोन किलोमीटरच्या चौकटींनी मोजतात. एकमेकांपासून दूर असलेल्या तीन जागा म्हणजे तीन चौकटी, म्हणजे १२ चौरस किलोमीटर. अतिसंकटग्रस्तची मर्यादा १० पेक्षा कमी आहे, संकटग्रस्तची ५०० पेक्षा कमी. म्हणजे या निकषावर तुमची वनस्पती संकटग्रस्तमध्ये जाते, आणि तेही तीनपैकी दोन अटी पुऱ्या झाल्या तरच: तुकडे झालेला किंवा मोजक्याच स्थानांतला आढळ, चालू असलेली घट, टोकाचे चढउतार. 'स्थान' म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. एकाच धोक्याने एकदम बाधित होणारं क्षेत्र ते एक स्थान. एकाच खाणपट्ट्यात येणारे चार सडे हे एक स्थान. पूर्ण वाढलेली झाडं ५० पेक्षा कमी असतील तर मात्र ड निकषावर, म्हणजे नुसत्या संख्येवरून, ती सरळ अतिसंकटग्रस्त ठरते, २५० पेक्षा कमी असतील तर संकटग्रस्त. म्हणून पहिल्या दिवशीची मोजणी इतकी महत्त्वाची.

ठिकाण जाहीर करण्याबाबत माझं ठाम मत आहे: करू नये. शोधनिबंधात तालुका आणि घाटाचं नाव पुरे, अक्षांश-रेखांश हर्बेरियमच्या आणि वनखात्याच्या नोंदीत राहू द्या. मोबाइलच्या फोटोत ठिकाण आपोआप नोंदलं जातं, ते काढल्याशिवाय व्हॉट्सॲप गटावर मूळ फाइल टाकू नका. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातींचं ठिकाण झाकलं जातं, पण पुन्हा सापडलेली जाती तिथल्या यादीत नसेल तर झाकलं जात नाही, तो पर्याय स्वतः निवडावा लागतो. रसाळ वनस्पतींचे संग्राहक पैसे मोजायला तयार असतात. आणि नुसते फोटो काढायला येणारी गर्दीसुद्धा तीस रोपांचा सडा एका रविवारी तुडवू शकते. ज्यांना मात्र ठिकाण माहीत असायलाच हवं ते म्हणजे त्या भागातले वनरक्षक आणि तिथे गुरं नेणारे गावकरी. शिंदळ माकुडी गुरंही खातात आणि माणसंही. उभ्या कड्यांवर ती टिकली याचं एक कारण तिथे कुणाचा हात पोचत नाही हेच आहे.

रोपवाटिकेत वाढवायची असेल तर शिंदळ माकुडी सोपी आहे. छाट दोन-तीन दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा, मग निचऱ्याच्या, खडे मिसळलेल्या मातीत लावावं आणि मुळं धरेपर्यंत पाणी हात राखून द्यावं. जास्त पाण्याने खोड बुडाशी कुजतं. साताऱ्यातल्या शिरवळजवळचं नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्र आणि इतर संस्थांनी तिची वाढ आणि पुनर्लागवड केलेली आहे. पण एकाच झाडाच्या छाटांपासून शंभर कुंड्या भरल्या तरी जनुकांच्या हिशेबी ते एकच झाड राहतं. प्रत्येक कुंडीवर मातृझाडाचा आणि कड्याचा क्रमांक हवा. ती माकडशिंगांशी संकर करते, त्यामुळे बागेत दोन्ही शेजारी ठेवून मिळालेलं बी शुद्ध धरू नका. बी धरायचं असेल तर हातानं परागण करून फूल जाळीच्या पिशवीत बांधा, आणि शेंग तडकण्याआधी पुन्हा पिशवी चढवा, कारण बियांना केसांचा झुबका असतो आणि वाऱ्याची एक झुळूक आली की सगळं बी उडून जातं. पुनर्लागवड करताना एका कड्याची रोपं दुसऱ्या कड्यावर नेऊ नका, आणि लावलेल्या प्रत्येक रोपाची नोंद हर्बेरियमला कळवा, नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी तीच रोपं 'नवा नैसर्गिक आढळ' म्हणून प्रसिद्ध करेल.